अचूक नेम आणि विखुरलेला मारा: मेक गेममध्ये गल्लत कुठे होते

मेक म्हणजे आत पायलट बसून चालवतो तो अवाढव्य लढाऊ यंत्रमानव. अशा मेकच्या लढाईच्या गेममध्ये सामना संपला की सगळ्यांची नजर आधी एकूण डॅमेजच्या आकड्यावर जाते. ज्याचा आकडा मोठा तो चांगला खेळला, असं धरून चालतात. पण ९०० डॅमेज करून एकही मेक न पाडलेला खेळाडू आणि ३५० मध्ये तीन मेक पाडणारा खेळाडू एकाच संघात सापडू शकतात. मग पहिल्याला कोणीतरी सांगतं, ‘तुझा नेम सुधार, मारा विखुरतोय.’ सल्ला प्रामाणिक असतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. नेम तुमच्या हातात असतो. मारा एका जागी बसतो की अंगभर पसरतो, हे मात्र शस्त्र कोणतं, ते किती वेळ चालतं आणि समोरचा त्या वेळात काय करतो यावर ठरतं. क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरची नेमाची खूण, तंतोतंत छातीवर ठेवूनही मारा विखुरतो, आणि ढोबळ नेम धरूनही कधी कधी तो एकवटतो.

हे एवढं महत्त्वाचं का, ते आकड्यांत पाहू. आज आपण मेक म्हणतो त्या खेळांचं बरंचसं गणित १९८४ साली आलेल्या आणि पुढे ‘बॅटलटेक’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या टेबलावरच्या खेळातून आलं आहे. त्यातला १०० टनी अ‍ॅटलस घ्या. त्याच्या एएस७-डी या नेहमीच्या मॉडेलवर १९ टन चिलखत असतं, म्हणजे ३०४ पॉइंट. पण हे पॉइंट एका ढिगात नसतात. डोक्यावर फक्त ९, प्रत्येक हातावर ३४, प्रत्येक पायावर ४१, दोन्ही बाजूच्या टॉर्सोंवर, म्हणजे धडाच्या डाव्या-उजव्या भागांवर, समोरून प्रत्येकी ३२, सेंटर टॉर्सोवर, म्हणजे मधल्या धडावर, समोरून ४७ आणि उरलेले पाठीवर. सेंटर टॉर्सोच्या चिलखताआड सांगाड्याचे ३१ पॉइंट असतात. ते संपले की मेक संपला, बाकी अंगावर चिलखत कितीही शाबूत असो.

आता २० डॅमेजच्या ऑटोकॅननचे, म्हणजे एसी/२० या तोफेचे, चार गोळे धरा. चारही सेंटर टॉर्सोवर बसले तर ८० होतात, आणि ४७ अधिक ३१ म्हणजे ७८. अ‍ॅटलस कोसळला. तेच चार गोळे एक हातावर, एक पायावर, एक डाव्या टॉर्सोवर आणि एक मधे असे बसले, तर कुठेही चिलखत फुटतसुद्धा नाही. डॅमेज दोन्ही वेळा ८०. एकदा शत्रू मेलेला, एकदा जवळपास धडधाकट. म्हणूनच सामन्यानंतरच्या त्या एका आकड्यावर माझा कधीच विश्वास बसत नाही.

टेबलावरच्या खेळात हा प्रश्न खेळाडूच्या हातात नव्हताच. फटका लागला की तो कुठे लागला, हे दोन फाशांची बेरीज ठरवायची. समोरून मारताना सात किंवा दोन आले तर सेंटर टॉर्सो, बारा आले तर डोकं, बाकी हात, पाय आणि बाजू. म्हणजे ३६ पैकी फक्त ७ शक्यता मधल्या धडाच्या आणि १ डोक्याची. मारा आपोआप पसरायचा आणि चिलखताचे सगळे आकडे त्याच अंदाजाने बसवलेले होते.

मग खेळ कॉम्प्युटरवर आला आणि खेळाडूच्या हातात माउस आला. फासे गेले. क्रॉसहेअर जिथे, गोळा तिथे. २०१३ साली रीतसर सुरू झालेल्या ‘मेकवॉरियर ऑनलाइन’मध्ये चिलखताचे आणि सांगाड्याचे टेबलावरचे आकडे सरळ दुप्पट केले गेले, ते यासाठीच. फाशांसाठी बसवलेलं चिलखत माणसाच्या नेमापुढे टिकणारं नव्हतं. तेवढ्यानेही भागलं नाही. एकाच जातीची मोठी शस्त्रं एकदम डागली तर जास्तीची उष्णता लागू लागली, खेळाडू तिला ‘घोस्ट हीट’ म्हणतात. गाउस रायफलला, म्हणजे चुंबकाच्या जोरावर गोळा फेकणाऱ्या तोफेला, आधी ट्रिगर दाबून चार्ज करायचा आणि मग सोडायचा अशी अट आली. हे सगळे उपाय नेमावर नव्हते, ते एकवटलेल्या माऱ्यावर होते. खेळ बनवणाऱ्यांना हा फरक बरोबर कळला होता. खेळणाऱ्यांच्या बोलण्यात तो अजूनही पुसट आहे.

नेम पक्का असूनही मारा कसा पसरतो, ते एका मीडियम लेझरवर नीट दिसतं. लेझरचं सगळं डॅमेज एका क्षणात जात नाही. किरण जवळपास एक सेकंद चालू राहतो आणि डॅमेज त्या सेकंदभरात थोडं थोडं उतरतं. तुम्ही किरण सेंटर टॉर्सोवर सुरू केला, समोरच्याने अर्ध्यात धड वळवलं, की उरलेला अर्धा किरण त्याच्या दंडावर जातो. तुमचा हात हललेला नाही, लक्ष्य हललं. अशा वेळी किरण चालू असताना माउस त्याच्याबरोबर ओढत नेणं हे वेगळं कौशल्य आहे. ते क्रॉसहेअर पटकन आणण्यापेक्षा अवघड आहे, असं माझं ठाम मत आहे.

ऑटोकॅनन, गाउस आणि कणांचा झोत फेकणारी पीपीसी यांचं उलट. डॅमेज एका ठोक्यात आणि एकाच जागी. पण त्यांना वाटेत वेळ लागतो, आणि तो वेळ प्रत्येकाचा निराळा असतो. गाउसचा गोळा एसी/२०च्या गोळ्यापेक्षा खूप वेगाने जातो. धावत्या मेकवर दोन्ही एकदम डागले, तर पहिल्यासाठी थोडं पुढे आणि दुसऱ्यासाठी बरंच पुढे नेम धरावा लागेल, आणि क्रॉसहेअर तर एकच आहे. एक गोळा छातीत आणि दुसरा मागच्या बाजूला किंवा हवेत. म्हणून जाणते खेळाडू वेगवेगळ्या वेगाची शस्त्रं एका बटणावर बांधत नाहीत. हातांवरच्या शस्त्रांचा क्रॉसहेअर वेगळा आणि धडावरच्या शस्त्रांचा वेगळा, हेही विसरू नका. धड वळत असताना दोन्ही एका जागी यायला क्षणभर लागतो. घाईत सगळी शस्त्रं एकदम सोडली की मारा दोन ठिकाणी विभागला जातो, आणि मग दोष नेमाला दिला जातो.

नेम धरायचा कुठे, हाही प्रश्न आहेच. दर वेळी सेंटर टॉर्सो हे उत्तर बरोबर नसतं. अ‍ॅटलसची एसी/२० त्याच्या उजव्या टॉर्सोत असते. टेबलावरच्या आकड्यांत तिथे ३२ चिलखत आणि २१ सांगाडा, म्हणजे ५३. मेक पाडायला ७८ लागतात, पण ५३ मध्येच त्याची सगळ्यात घातक तोफ जाते आणि बाजूचा टॉर्सो गेला की त्याच बाजूचा हातही जातो. समोरासमोर उभे असाल तर त्याचा उजवा टॉर्सो तुमच्या डाव्या हाताला दिसतो. नव्यांची इथे हमखास चूक होते. एक्सएल, म्हणजे वजनाने हलक्या पण जास्त जागा घेणाऱ्या इंजिनाचा मेक असेल तर गणित आणखी बदलतं. इनर स्फिअर या खेळाच्या कथेतल्या एका पक्षाच्या एक्सएल इंजिनाचा काही भाग दोन्ही बाजूंच्या टॉर्सोंत असतो, त्यामुळे एक बाजू गेली की मेकच जातो. क्लॅन या दुसऱ्या पक्षाचं एक्सएल एक बाजू गेली तरी तग धरतं.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. ‘डॅमेज पसरवणं’ हे शब्द खेळाडू दोन अगदी उलट अर्थांनी वापरतात. तुम्ही मारताना मारा पसरला तर सहसा ते नुकसान. तुमच्या अंगावर येणारा मारा तुम्ही पसरवलात तर तो तुमचा जीव वाचवतो. वर तोच हिशेब मांडला होता, फक्त आता अ‍ॅटलसमध्ये तुम्ही बसला आहात. चार गोळे चार जागी बसवून घेतलेत तर तुम्ही उभे आहात.

हे करायचं कसं? गोळी झाडली की लगेच धड वळवायचं. शस्त्रं पुन्हा तयार होईपर्यंतचे काही सेकंद समोर बघण्यात काहीच फायदा नसतो. त्या वेळात रिकामा हात, किंवा ज्या बाजूला मोठं शस्त्र नाही ती बाजू शत्रूकडे करायची. शस्त्रं तयार झाली की परत वळायचं, मारायचं आणि पुन्हा फिरायचं. बरेच खेळाडू मेक बांधतानाच सगळी शस्त्रं एका बाजूला ठेवतात आणि दुसरी बाजू ढालीसारखी वापरतात. दोन्ही बाजू आळीपाळीने पुढे केल्या तर आणखी चांगलं, कारण एकाच हातावर सगळं घेतलं तर तो हात लवकर तुटतो आणि पुढचं डॅमेज आत, बाजूच्या टॉर्सोवर सरकतं, तिथून मधल्या धडावर.

इथे दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. एका ठोक्यात डॅमेज देणारं शस्त्र तुमचा मारा तर एकवटतंच, शिवाय तुम्हाला पुढच्या क्षणी वळायला मोकळं सोडतं. लेझरवाल्याला किरण संपेपर्यंत छाती समोर ठेवून उभं राहावं लागतं. म्हणजे लेझरने दोन्हीकडून तोटा होतो: तुमचं डॅमेज पसरतं आणि तुमच्यावर येणारं एकवटतं. मोबदल्यात लेझरला दारूगोळा लागत नाही, तो तोफेपेक्षा हलका असतो, आणि त्याला पुढचा नेम धरावा लागत नाही. पल्स लेझरचा किरण कमी वेळ चालतो, म्हणून तो सोयीचा. शस्त्र निवडताना ‘किती डॅमेज’ याच्या आधी ‘किती वेळ समोर उभं राहायचं’ हा प्रश्न विचारावा. नव्या खेळाडूने तर नेम घोटण्याआधी धड फिरवायला शिकावं, असं मी आग्रहाने सांगेन. नेम हळूहळू येतोच. समोर गोठून उभं राहायची सवय मात्र आपणहून जात नाही.

पसरणारी शस्त्रं मुळात हलक्या दर्जाची असतात, हाही एक गैरसमज आहे. एलबी १०-एक्स ही ऑटोकॅनन छऱ्यांचा गोळा टाकते, प्रत्येक छरा एक डॅमेजचा. शाबूत चिलखतावर हे छरे अंगभर विखुरतात आणि फारसं काही साधत नाही. पण टेबलावरच्या नियमात चिलखत फुटलेल्या जागी लागणाऱ्या प्रत्येक फटक्यागणिक आतलं काही निकामी झालं का, याचा फासा टाकावा लागतो. २० चा एक गोळा एकदाच तो फासा देतो. दहा छऱ्यांपैकी तीन-चार उघड्या जागी लागले तर तितके फासे. आत इंजिन, तोल सांभाळणारा जायरो किंवा दारूगोळा असेल तर त्यातला एखादा पुरतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी एकवटून भोक पाडायचं, मग छरे किंवा छोटी क्षेपणास्त्रं. उलट क्रमाने तीच शस्त्रं निम्मीही उपयोगी पडत नाहीत. शिवाय ‘मेकवॉरियर ऑनलाइन’मध्ये अगदी जवळ गेलं तर छऱ्यांचा घेर इतका लहान होतो की सगळे एकाच टॉर्सोवर बसतात. मग त्या शस्त्राला विखुरणारं म्हणण्यात अर्थ राहत नाही. अंतर कमी करणं हासुद्धा मारा एकवटण्याचाच प्रकार आहे.

२०१८ च्या ‘बॅटलटेक’ या पाळीपाळीने खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये तर विखुरलेला मारा अचूक माऱ्याची वाट मोकळी करतो. लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं अंगभर पसरतात, पण ती मेकचा तोलही ढळवतात. पुरेसा तोल गेला की मेक आडवा पडतो, आणि पडलेल्या मेकवर नेमका भाग निवडून मारता येतो. म्हणजे एकाने क्षेपणास्त्रांनी पाडायचं, दुसऱ्याने निवडून मारायचं. भाग निवडण्यामागे लुटीचाही विचार असतो. सेंटर टॉर्सो फोडून मारलात तर त्या मेकचे सर्वात कमी सुटे भाग हाती लागतात, दोन्ही पाय तोडलेत तर त्याहून जास्त आणि पायलटला मारलंत तर सर्वात जास्त. तो मेक स्वतःच्या ताफ्यात हवा असेल तर मधल्या धडावरचा उत्तम नेम हा चुकीचा नेम ठरतो.

१९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रंट मिशन’ मालिकेत धड, दोन हात आणि पाय एवढेच भाग, पण तोच पेच आहे: मशीनगनच्या गोळ्या सगळीकडे वाटल्या जातात, रायफलची गोळी एका भागावर बसते.

हे सगळं शरीराचे भाग मोजणाऱ्या खेळांना लागू आहे. २०२३ च्या ‘आर्मर्ड कोअर ६’मध्ये लढाईत भागांचं डॅमेज वेगळं मोजलंच जात नाही. अख्ख्या मेकचा मिळून एपीचा, म्हणजे जिवाच्या पॉइंटांचा, एकच साठा असतो, हातावर लागलं काय आणि छातीवर लागलं काय, सारखंच. तिथे जागेऐवजी वेळ महत्त्वाची. प्रत्येक फटक्याने शत्रूचा एक मीटर भरत जातो, मधे उसंत मिळाली की तो उतरतो, पूर्ण भरला की शत्रू काही क्षण गोठतो आणि त्या क्षणांत त्याला लागणारं डॅमेज वाढतं. मशीनगनने सतत टोचत मीटर भरायचा आणि जड शस्त्र त्या गोठलेल्या क्षणासाठी राखून ठेवायचं. ते आधीच उडवून टाकलं आणि ते पुन्हा तयार होत असताना शत्रू गोठला, तर नेम कितीही पक्का असला तरी ती संधी वाया गेली.