फोक्सवॅगन टाइप-२ कॅम्परव्हॅन : घरगुती पुनरुज्जीवन व फेरबदल

जर्मन फोक्सवॅगन कंपनीच्या टाइप-२ या मागे इंजिन असलेल्या व्हॅनच्या जुन्या, राहण्याझोपण्याची सोय केलेल्या गाड्या घरच्या घरी दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्याची प्रथा. पत्राकाम, इंजिनाची फेरजुळणी, विजेची नवी जोडणी आणि आतील लाकूडकाम अशी चार कामे तीत येतात. ब्रिटन व जर्मनीत ती विशेष रुजली असून प्रस्तुत नोंदीत मुख्यतः १९६७ ते १९७९ या काळातील दुसऱ्या पिढीच्या गाडीचा विचार केला आहे. सुटे भाग सर्वांत सहज मिळतात ते याच पिढीचे.

उगम : व्हॅनची कल्पना डच आयातदार बेन पॉन याच्या २३ एप्रिल १९४७ च्या टिपणवहीतील रेखाटनाशी जोडली जाते आणि त्याबाबत फारसा वाद नाही. उत्पादन मार्च १९५० मध्ये व्होल्फ्सबुर्ख येथे सुरू झाले व १९५६ मध्ये हानोफर येथील नव्या कारखान्यात गेले. वाद आहे तो या मालवाहू गाडीचे घर प्रथम कोणी केले याविषयी. बहुतेक ग्रंथ हा मान व्हीडनब्रुक येथील वेस्टफालिया या बग्ग्या व जोडगाड्या बनवणाऱ्या जुन्या कारखान्याला देतात आणि साल १९५१ धरतात. जर्मनीत तैनात असलेल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या मागणीवरून पहिली गाडी सजवली गेली, असेही सांगितले जाते. मात्र हा तपशील बहुधा एका लेखकाकडून दुसऱ्याकडे गेलेला दिसतो. कारखान्याने आरंभी विकली ती पूर्ण गाडी नव्हती, तर ‘कॅम्पिंग बॉक्स’ नावाची काढता-घालता येणारी पेटी होती. आठवडाभर माल वाहायचा आणि सुटीला पेटी बसवून फिरायला जायचे, असा तिचा हेतू होता. नियमित उत्पादन १९५१ नंतरच्या एकदोन वर्षांत स्थिरावले असे मानणे अधिक सुरक्षित. एकाच वेळी अनेक हौशी कारागिरांनी स्वतंत्रपणे अशा गाड्या केल्या, असे दुसरे मत आहे. युद्धोत्तर जर्मनीतील टंचाई पाहता ते अशक्य नाही, पण लेखी पुरावा वेस्टफालियाच्या बाजूनेच जड आहे.

ब्रिटनमध्ये १९५६ च्या सुमारास सिडमथ येथील सुतारकामाच्या कारखान्यातून ‘डेव्हन’ गाड्या निघू लागल्या. फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीने एका बाजूला बिजागरी असलेले ‘डॉर्मोबिल’ छत आणले. हे छत आडवे उघडते व पूर्ण उभे राहता येईल इतकी उंची देते. कोणत्या गाडीवर कोणाचे काम आहे हे ओळखणे पुनरुज्जीवनात महत्त्वाचे असते, कारण फर्निचरचे माप, छताचे कापड आणि खिडक्यांची मांडणी प्रत्येकाची निराळी.

गाडीचे वय : मॉडेल वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होई. म्हणून डिसेंबर १९६७ मध्ये बाहेर पडलेली गाडी १९६८ ची मानतात. १९६५ च्या मॉडेलपासून सत्तरच्या दशकाअखेरपर्यंत चासी क्रमांकाचे पहिले दोन अंक बांधणीचा प्रकार आणि तिसरा अंक मॉडेल वर्षाचा शेवटचा आकडा दाखवतो. बहुतेक गाड्यांत पुढच्या सीटमागे एम-प्लेट नावाची लहान पत्र्याची पट्टी असते. तिच्यावर मूळ रंग, बसवलेल्या सोयी व निर्यातीचे ठिकाण सांकेतिक आकड्यांत कोरलेले असते. ती रंगाखाली दबली असेल तर सँडपेपर न लावता रंग काढण्याच्या द्रवाने उघडी करावी. घासल्यास अंक पुसले जातात. सुटे भाग मागवण्यापूर्वी वर्ष नक्की करावे लागते. पुढचे डिस्क ब्रेक ऑगस्ट १९७० पासून आले आणि त्याच वेळी चाकाच्या पाच बोल्टांचे वर्तुळ २०५ मिमी.वरून ११२ मिमी. झाले. चुकीच्या वर्षाची चाके वा ड्रम बसतच नाहीत.

पत्राकाम : या गाडीला वेगळी उचलून काढता येणारी चासी नाही. तळाच्या दोन लांब पेट्या, आडव्या तुळया, आउटरिगर (पेट्यांपासून बाजूला निघणारे आधार) आणि दारांखालच्या सिल यांच्यासह संपूर्ण शरीर एकजीव वेल्ड केलेले असते. सिल सडली की केवळ दिसणे बिघडत नाही, तर शरीराचा ताठरपणा जातो. पुनरुज्जीवनाचे यशापयश इंजिनावर कमी आणि या पत्र्यावर अधिक ठरते. इंजिन कधीही बदलता येते.

पाणी शिरते वरून आणि सडवते खाली. पुढच्या काचेच्या रबरामागून, मागच्या हवेच्या जाळ्यांतून व छताच्या पन्हाळीच्या फुटलेल्या सांध्यांतून आलेले पाणी पोकळ भागांतून उतरून सिलमध्ये साचते. सिलच्या तळाची निचऱ्याची भोके चिखलाने वा नंतर फासलेल्या डांबरी लेपाने बुजलेली असतात. तो लेप कडक होऊन चिरतो, चिरेतून पाणी आत जाते, आणि वरून गाडी धडधाकट दिसत असताना लेप व पत्रा यांच्यामध्ये गंज वाढत राहतो. म्हणून तपासणी स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने ठोकून आणि टोक दाबून करतात. बद्द आवाज आला तिथे पत्रा गेलेला किंवा लांबी (पुट्टी) भरलेली असते. जॅक लावण्याच्या जागा, पुढच्या चाकांच्या कमानी, केबिनच्या जमिनीच्या कडा, बॅटरीखालचा ट्रे आणि मागचे खालचे कोपरे ही पाहण्याची ठिकाणे. काही मालक सडलेल्या सिलमध्ये फुगणारा पीयू फोम भरतात. त्यासारखे नुकसान दुसरे नाही: फोम पाणी धरून ठेवतो, आणि पुढे वेल्डिंगची ठिणगी लागली की आतल्या आत पेटतो.

सिल कापण्यापूर्वी गाडी तळाच्या मुख्य पेट्यांखाली चार घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर), सपाट जमिनीवर टेकवावी. जॅकच्या जागी टेकू देऊ नये, कारण तोच भाग कापायचा असतो. दारांच्या चौकटीत २५ मिमी. चौरस नळीच्या तिरप्या पट्ट्या तात्पुरत्या वेल्ड कराव्यात व दोन्ही कर्णांची मापे लिहून ठेवावीत. हे केले नाही तर सिल निघताच शरीर काही मिलिमीटर खचते, नवी सिल त्याच खचलेल्या स्थितीत पक्की होते आणि सरकते दार कायमचे अडकते. एका वेळी एकच बाजू, आणि त्या बाजूचाही एकेक टप्पा घ्यावा. क्रम आतून बाहेर असतो: प्रथम आउटरिगर व जॅकच्या जागा, मग आतली सिल, मधला आधारपत्रा, शेवटी बाहेरची सिल. बाहेरची लावण्यापूर्वी दारे बसवून उघडझाप पाहतात.

वेल्डिंग ०.६ मिमी. तारेच्या मिग यंत्राने, आर्गॉन व कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणात करतात. मूळ पत्रा सुमारे १ मिमी. जाड असल्याने सलग शिवण घातल्यास तो तापून लहरतो. २० ते २५ मिमी.चे टाके दूरदूर घालून शेवटी जोडावेत. कारखान्यातील स्पॉट वेल्डच्या जागी वरच्या पत्र्याला ६ ते ८ मिमी.ची भोके पाडून ती भरतात. एकावर एक येणाऱ्या पृष्ठांना आधी जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर लावावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडणे आणि पेट्रोलची टाकी काढणे अनिवार्य आहे. टाकी इंजिनकप्प्याला लागूनच असते, आणि रिकामी टाकी भरलेलीपेक्षा अधिक धोक्याची, कारण तिच्यात वाफ असते. पोकळ भागांत मेण फवारण्याचे काम रंगानंतर करतात. आधी केल्यास मेण पाझरून रंग धरत नाही. लांबी २-३ मिमी.पेक्षा जाड भरू नये. दोन घटकी रंगांतील आयसोसायनेट हे रसायन श्वसनसंस्थेला कायमची इजा करते आणि साधा धुळीचा मास्क ते अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर शेवटचा रंग व्यावसायिक रंगशाळेकडे सोपवावा, हे मत आता बहुतेक जाणकार मानतात.

इंजिन : चार सिलिंडरांचे आडवे, हवेने थंड होणारे इंजिन दुसऱ्या पिढीत १६०० घसेंमी.पासून पुढे १७००, १८०० व २००० घसेंमी.पर्यंत गेले. १६०० च्या इंजिनाची पहिली परीक्षा मागची पुली हाताने पुढेमागे ओढून होते. क्रँकची ही ढिलाई ०.०७ ते ०.१३ मिमी. असावी, ०.१५ च्या पुढे गेली की इंजिन उघडावे लागते. सिलिंडरांतील दाब सुमारे ८ ते १० बार मिळायला हवा. तिसऱ्या सिलिंडरचा कमी भरला तर जळलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा संशय घ्यावा, कारण जुन्या रचनेत ऑइल कूलर त्याच्या हवेच्या वाटेत असल्याने तो सर्वांत गरम चालतो. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवला. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह व त्याला ढकलणाऱ्या भागामधली, फट थंड इंजिनावर ०.१५ मिमी. ठेवतात व दर ५,००० किमी.ला तपासतात. तीच फट वारंवार कमी होत असेल तर व्हॉल्व्हची मान ताणली जात आहे, आणि डोके तुटून पिस्टनवर पडण्याआधी तो बदलला पाहिजे. ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटची फट ०.४ मिमी., ऑइल २.५ लिटर, फायरिंग क्रम १-४-३-२.

नवे इंजिन वर्षभरात जळाल्याची तक्रार अनेकदा ऐकू येते. त्याचे कारण बहुधा इंजिनात नसते. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि कप्प्याच्या कडेचे रबर खालची गरम हवा वर येऊ देत नाहीत. ते रबर परत बसवले नाही, तर पंखा तीच तापलेली हवा पुन्हा ओढत राहतो.

आग हा या गाडीचा सर्वांत मोठा शत्रू. जुन्या कापडी वेष्टनाच्या नळ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने आतून भेगाळतात. कार्ब्युरेटरची दाबून बसवलेली पितळी नळी ढिली होऊन निघते. इंजिनकप्प्यात लोंबणारा फिल्टर नळी ओढतो आणि पत्र्यातून नळी जाते तिथले रबरी बूच नसेल तर कडेवर ती कापली जाते. चारही ठिकाणी पेट्रोल उष्ण इंजिनावर पडते. नळ्या एसएई जे-३० आर-९ दर्जाच्या घ्याव्यात, फिल्टर कप्प्याबाहेर न्यावा आणि नळ्या दर तीनचार वर्षांनी बदलाव्यात. १६०० च्या इंजिनाचे क्रँककेस (बाहेरचे कवच) मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असल्याने एकदा पेटले की पाण्याने विझत नाही. तसेच हीटरचे एक्स्चेंजर (एक्झॉस्टच्या उष्णतेवर हवा तापवणारे भाग) गंजून फुटले असतील तर एक्झॉस्टचा धूर थेट केबिनमध्ये येतो. झोपायच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म म्हणूनच आवश्यक.

आतील सजावट : पत्र्याला बंद पेशींचा फोम चिकटवतात. काचलोकर ओल धरते म्हणून टाळावी. फर्निचरला १२ मिमी. व भिंतींना ३-४ मिमी. प्लायवूड पुरते. इंजिन मागे असल्यामुळे पाण्याची टाकी, बॅटरी व गॅसचा सिलिंडर शक्यतो दोन्ही आसांच्या मध्ये व खाली ठेवावेत. उलगडून पलंग होणाऱ्या सीटवर चालत्या गाडीत माणसे बसणार असतील, तर पट्ट्याचे बोल्ट प्लायवूडला नव्हे, तळाच्या पत्र्याला मागून जाड पोलादी पट्टी देऊन घ्यावेत.

राहण्याच्या सोयींसाठी बसवलेल्या दुसऱ्या बॅटरीचा हिशेब असा: ३ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास चालले तर ६० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर ५ अँपिअर-तास. कॉम्प्रेसरचा लहान फ्रिज दिवसाला साधारण २५ ते ३५ अँपिअर-तास घेतो. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून १०० अँपिअर-तासांची बॅटरी जेमतेम दीड दिवस पुरते. दोन्ही बॅटऱ्यांमधील रिले सुमारे १३.३ व्होल्टवर जोडणारा व १२.८ वर तोडणारा असावा. जोडतारेच्या दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवेत. मधल्या तारेला तेच संरक्षण. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. सिलिंडरचा कप्पा राहण्याच्या जागेकडून बंद आणि तळाशी बाहेर उघडा असला पाहिजे, खिडकी ही त्याला पर्याय नव्हे.

फेरबदलांची मर्यादा : सुबारूचे पाण्याने थंड होणारे इंजिन बसवणे हा लोकप्रिय बदल. पुढे रेडिएटर व तळातून नळ्या न्याव्या लागतात. ब्राझीलमध्ये डिसेंबर २०१३ पर्यंत निघालेल्या याच गाडीत, डिसेंबर २००५ पासून, कारखान्यानेही १.४ लिटरचे पाण्याचे इंजिन व पुढे रेडिएटर दिला होता. पहिल्या पिढीच्या गाडीची ६ व्होल्टची वीजजोडणी १२ व्होल्टची करताना फ्लायव्हीलच १०९ दात्यांऐवजी १३० दात्यांचे लागते, हे अनेकांना दिवे बदलल्यावर कळते. मूळ स्थिती जपावी की सोय पाहावी, यावर दोन पक्ष आहेत. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्यूरिन सनद जतनाला पुनर्बांधणीपेक्षा वरचे स्थान देते. जर्मनीत ऐतिहासिक वाहनाच्या ‘एच’ क्रमांकासाठी गाडी किमान ३० वर्षांची व मूळ वा त्या काळाला धरून असावी लागते. ब्रिटनमध्ये ४० वर्षांपुढील, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून वार्षिक तपासणीतून सूट आहे. ब्रेक, पट्टे व पेट्रोलच्या नळ्या यांत सुधारणा करावी आणि उलट फिरवता न येणारे काप मात्र पत्र्यात घेऊ नयेत, हा मध्यममार्ग अधिक ग्राह्य वाटतो.

भारत : साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून इराण-अफगाणिस्तानमार्गे गोव्यापर्यंत येणाऱ्या प्रवाशांकडे अशा व्हॅन असत; १९७९ मधील इराणची क्रांती व अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमण यांनंतर तो रस्ता बंद झाला. हाम्बुर्खच्या टेम्पो कंपनीच्या १९४९ च्या मॅटाडोरमध्ये सुरुवातीला फोक्सवॅगनचेच इंजिन होते. पुण्याच्या बजाज टेम्पोने पुढे काढलेली मॅटाडोर त्याच घराण्यातील, पण नंतरच्या रचनेची व पुढे इंजिन असलेली, त्यामुळे वरील इंजिनविषयक सूचना तिला लागू नाहीत. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई असून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपातील गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते. इंजिन वा शरीर बदललेल्या गाडीने ती मागण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्यावा.