स्वतःचा वेब सर्व्हर की भाड्याचं होस्टिंग

वेबसाइट म्हणजे शेवटी कुठल्यातरी कॉम्प्युटरवर ठेवलेल्या फाइल्स, आणि तो कॉम्प्युटर दिवसरात्र चालू राहून जो मागेल त्याला त्या देत बसतो, तोच वेब सर्व्हर. हा कॉम्प्युटर घरी किंवा ऑफिसात ठेवून आपणच सांभाळायचा, की एखाद्या कंपनीच्या डेटा सेंटरमधली जागा भाड्याने घ्यायची, असे दोन मार्ग असतात. जगातला पहिला वेब सर्व्हर तर टेबलावरच होता: १९९० मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचा नेक्स्ट कंपनीचा कॉम्प्युटर, आणि त्यावर चिकटवलेली चिठ्ठी, की हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. घरी सर्व्हर ठेवणाऱ्या प्रत्येकाला अशी चिठ्ठी कधी ना कधी लावावीच लागते.

सॉफ्टवेअरची अडचण नाहीये. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम फुकट, मागेल त्याला फाइल्स देणारे अपाची (१९९५) आणि एन्जिनएक्स (२००४) हे प्रोग्राम फुकट, https साठी लागणारं लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेटसुद्धा फुकट मिळतं, फक्त त्याची नेहमीची मुदत ९० दिवसांची म्हणून ते आपोआप रिन्यू होतंय ना हे बघायचं. मशीनही भारी लागत नाही. जुना लॅपटॉप चालतो, उलट त्याची बॅटरी थोडी जरी टिकत असेल तरी लाइट गेल्यावर तीच यूपीएसचं काम करते. १० वॅट खाणारं छोटं मशीन वर्षभर चालू ठेवलं तर साधारण ८८ युनिट वीज लागते, १०० वॅटचा जुना डेस्कटॉप ८७६ युनिट खातो, म्हणजे "घरी पडलाय तोच वापरू" हे नेहमी स्वस्त पडतंच असं नाही.

गाडी अडते ती पत्त्यावर, म्हणजे इंटरनेटवर मशीन ज्याने सापडतं त्या आयपी नंबरावर. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, त्यातला मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला, त्यामुळे बऱ्याच इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच पब्लिक पत्त्यामागे बसवतात, याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होताना दिसला की समजायचं, आपण सीजीनॅटमागे आहोत आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी राउटरने आपल्या मशीनकडे पाठवणं) कितीही केलं तरी बाहेरून कुणी आत येणार नाही. मग स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र पत्ता घ्या, आयपीव्ही६ ही नवी, भरपूर पत्ते असलेली पद्धत वापरा, नाहीतर टनेल लावा, म्हणजे बाहेरच्या एखाद्या सर्व्हरमार्फत आत यायची वाट करा. पत्ता पब्लिक आहे पण सारखा बदलतो, तर डायनॅमिक डीएनएसने भागतं, ते साइटच्या नावापुढचा पत्ता आपोआप बदलत राहतं.

दुसरं म्हणजे अपलोड. घरच्या कनेक्शनचा जाहिरातीतला स्पीड बहुतेकदा डाउनलोडचा असतो, सर्व्हरला मात्र अपलोड लागतो. अपलोड १० एमबीपीएस (म्हणजे सेकंदाला साधारण सव्वा एमबी) असेल तर २ एमबीचा एक फोटो एका माणसाला पोचायला दीडएक सेकंद, आणि तोच वीस जणांनी एकदम मागितला तर अर्ध्या मिनिटाच्या वर.

आणि सर्व्हर बाहेर उघडला की ॲक्सेस लॉग, म्हणजे कुणी काय मागितलं याची नोंद, जरूर बघा. साइटचा पत्ता अजून कुणालाही सांगितलेला नसतो तरी थोड्याच वेळात ओळींवर ओळी येऊ लागतात, वर्डप्रेस टाकलेलंच नसताना कुणीतरी त्याचं लॉगिन पान मागतंय, कुणी पासवर्डची फाइल शोधतंय. ही माणसं नसतात, सगळे पत्ते चाळत फिरणारे बॉट असतात. म्हणून अपडेट वेळच्या वेळी, एसएसएचला (दुरून मशीनवर लॉगिन करायची सोय) पासवर्डऐवजी 'की' म्हणजे किल्लीची फाइल, आणि नको ते पोर्ट (मशीनची बाहेरची दारं) बंद, यात टाळाटाळ चालत नाही. ईमेलचा सर्व्हर तर घरी ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, मेल पाठवायला लागणारा पोर्ट २५ इंटरनेट कंपनीकडून बहुतेक वेळा बंदच असतो आणि पाठवलेली मेल स्पॅममध्ये जाऊन पडते.

भाड्याच्या जागेत वीज, लाइन, हार्डवेअर हे सगळं कंपनीच्या डोक्यावर जातं. शेअर्ड होस्टिंगमध्ये एका मशीनवर अनेकांच्या साइट असतात आणि "अनलिमिटेड" लिहिलं असलं तरी फाइल्सच्या संख्येवर, सीपीयूवर मर्यादा असतेच, ती अटींमध्ये शोधून वाचावी. व्हीपीएसमध्ये (व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर) मशीनवर आपला वेगळा कप्पा मिळतो, पण तो मॅनेज्ड, म्हणजे कंपनीने सांभाळलेला, नसेल तर अपडेट आणि फायरवॉल आपणच बघायचं, हे कित्येकांना साइट हॅक झाल्यावर कळतं. पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका, रिन्यूअलचा दर विचारा.

बॅकअप मात्र दोन्हीकडे आपलाच. १० मार्च २०२१ ला फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गमधल्या ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, आणि ज्यांचा बॅकअपही तिथेच होता त्यांचा डेटा कायमचा गेला. एक प्रत दुसऱ्या जागी हवीच, आणि ती एकदा रिस्टोअर करून बघितलेली हवी. डोमेनही स्वतःच्या नावावर, जमलं तर होस्टिंगपासून वेगळं घ्यावं, म्हणजे भांडण झालं तरी नाव आपल्याच हातात राहतं.

बरेच जण मधला रस्ता धरतात, लोकांसाठीची साइट भाड्याच्या जागेत आणि स्वतःचे फोटो, फाइल्स, प्रयोग घरच्या मशीनवर. पुढे साइट इकडून तिकडे हलवायची झाली तर डीएनएसचा (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा, एकदोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणून ठेवायचा, मग पत्ता बदलायचा, आणि जुना सर्व्हर लगेच बंद न करता त्याच्या लॉगमध्ये माणसांच्या ओळी यायच्या थांबेपर्यंत चालू ठेवायचा.