सारवणापासून व्हिट्रिफाइडपर्यंत: मराठी घराच्या जमिनीचा पोत

पोत हा मुळात कापडाचा शब्द. साडीचा काठ चिमटीत धरून अंगठा फिरवला की जे कळतं ते पोत. घरसजावटीत तो अलीकडे आला, 'टेक्स्चर'ला मराठी म्हणून. घराला मात्र पोत आधीपासून होता आणि तो तळपायाला कळायचा. आपण चपला दाराबाहेर काढतो. परवापरवापर्यंत जेवण, दळण, निवडणं-टिपणं, झोप सगळं जमिनीवरच व्हायचं. त्यामुळे घरात शिरल्यावर शांत वाटतं की उघडंबोडकं, हे मराठी घरात भिंतीच्या रंगापेक्षा जमिनीनं जास्त ठरवलं. म्हणून ही नोंद जमिनीपासून सुरू होते.

सुरुवात सारवणाची. माती-मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, चोपण्यानं चोपून जमीन घट्ट करायची आणि वर शेणाचा काला हातानं फिरवायचा. शेणातले गवताचे न पचलेले तंतू माती धरून ठेवतात, त्यामुळे भेगा कमी पडतात आणि धूळ बसते. सारवणाऱ्या बाईच्या बोटांच्या अर्धगोल ओळी वाळल्यावरही दिसत राहायच्या. एका हाताचा घेर संपला की दुसरा सुरू. अशी जमीन उजेड परत फेकत नाही, पिऊन घेते. दारातून आलेलं ऊन दोन हात आत येऊन मऊ होतं. रांगोळीची पूडही तिच्या बारीक खरखरीत धरून बसते. गुळगुळीत फरशीवर तीच रांगोळी पंख्याच्या वाऱ्यानं सरकते. वारली चित्रं याच पोतावर जन्मली: शेणामातीची, गेरूची भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागद-कापडावर नेली, तेव्हा शेणाचा तो हात त्यांनी कापडावरही दिला. रेषा उठून दिसायला मागे तशी मंद जमीन लागते, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं.

वाड्यांचं गणित थोडं वेगळं. जोतं काळ्या दगडाचं, वर विटा, आत सागवानी खांब. भिंतीचा चुना बैलानं फिरवायच्या घाण्यात मळलेला, त्यात गूळ, हिरडा, आणि चांगल्या दालनात तो गुळगुळीत दगडानं घोटलेला. पुण्याचा विश्रामबाग वाडा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याच्या दर्शनी भागातलं कोरीव लाकूड पाहिलं की खडबडीत आणि गुळगुळीत यांची वाटणी किती विचारानं केली होती ते कळतं. कोकणात हे काम जांभ्यानं केलं. खाणीतून काढताना मऊ असलेला हा चिरा हवेत टणक होतो. त्याच्या छिद्राछिद्रांच्या अंगामुळे गिलावा न केलेली भिंतही कोरडी, ओकीबोकी वाटत नाही.

मग रेल्वे आली. १८७१ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग सोलापूर, गुलबर्ग्यावरून रायचूरला पोचला आणि मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाला. वाटेत शहाबाद होतं. तिथला चुनखडक मुळातच थराथरांत असतो, पाचर ठोकली की लाद्या सुटतात. करवतीनं न कापता थरावरून सुटलेली लादी किंचित उंचसखल राहते, आणि हीच खरी शहाबादी: करडी, निळसर, मध्येच पिवळट. चाळीची गॅलरी, ओसरी, मोरी, जिना सगळीकडे ती गेली. दगड तळपायाची ऊब भराभर ओढून घेतो, म्हणून तो गार लागतो. शेजारचा लाकडी पाट तेवढ्याच तापमानाचा असून उबदार वाटतो. उन्हाळ्याच्या दुपारी शहाबादीवर नुसतं पडून राहण्याचं सुख ज्यांनी घेतलं, त्यांना हे सांगायला नको.

श्रीमंती इमारतींत विलायती लाद्या येत होत्या. १८७२ साली भायखळ्याला उघडलेल्या, आज भाऊ दाजी लाड यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयात मिंटन या इंग्रज कंपनीच्या लाद्या आहेत. त्यांना स्वदेशी उत्तर १९२२ साली मिळालं, फिरोजशा सिधवा यांच्या भारत टाइल्सच्या रूपानं, कारखाना उरणला. या सिमेंटच्या लाद्या भाजत नाहीत. रंगीत थर साच्यात भरून दाबतात आणि पाण्यात मुरवतात. म्हणून त्यांच्या अंगाला काचेची चमक नसते, वर्षानुवर्षं पुसून आलेली मंद झळाळी असते. पुढे सोसायट्यांच्या काळात संगमरवराच्या चिपांचं मोझॅक सर्रास झालं. टिकाऊ, पुसायला सोपं आणि थोडं उदास.

१९९० च्या दशकाअखेर व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली फरशी, आली. ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पिते, डाग धरत नाही, सांधे जवळपास दिसत नाहीत. गृहिणीचे कष्ट तिनं खरोखर कमी केले, तो उपकार मोठा आहे. पण पिणं थांबलं ते उजेडाचं आणि आवाजाचंही. ट्यूबलाइट जमिनीत उभी दिसू लागली. गोधडी, सतरंजी, लाकडी पाट घरातून आधीच गेलेले, त्यामुळे टीव्हीचा आवाज भिंती-जमिनीत आपटू लागला.

मला यात सर्वांत मोठं नुकसान वाटतं ते समईचं. जुन्या घरात चकाकणाऱ्या वस्तू मोजक्या होत्या: घासलेली समई, तांब्याचा हंडा, देव्हाऱ्यातलं पितळ. भोवती सगळं मंद होतं म्हणून त्यांच्याकडे डोळा आपसूक जायचा. पाट्याला तर मुद्दाम टाकी लावून घ्यायचे, कारण गुळगुळीत पाट्यावर वाटण होत नाही. कुठे खरखर हवी आणि कुठे लकाकी, हे कामानं ठरलेलं होतं, आणि त्यातूनच घराचा तोल साधायचा. आता जमीन, ओटा, कपाटाचं लॅमिनेट, दारं सगळंच चमकतं. मग एका भिंतीवर टेक्स्चर पेंट, सोफ्यावर जाडाभरडा हातमाग, खाली गालिचा अशी भरपाई सुरू होते. आपले सजावटकार आज 'टेक्स्चर हवं' म्हणतात, त्यामागे ही एवढी हकिकत आहे.

जुन्या फ्लॅटांत नवी फरशी बसवताना मोझॅक उखडायला पैसे आणि धूळ दोन्ही फार. म्हणून पुष्कळांनी त्याच्यावरच व्हिट्रिफाइड चिकटवून घेतली. जमीन वर आली, दारं अडकू लागली आणि सुताराला बोलावून ती खालून रंधून घ्यावी लागली. अशा घरांत मोझॅक अजून तिथेच आहे, बोटभर खाली.