शस्त्रपरवाना, मुंबईतील

शस्त्रपरवाना, मुंबईतील : बंदूक, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर इ. अग्निशस्त्रे व त्यांची काडतुसे जवळ बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ खाली मिळणारी लेखी परवानगी. ग्रामीण जिल्ह्यांत ती जिल्हादंडाधिकारी देतो. मुंबईत हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. परवानगी कोणाला द्यावी आणि तिने शहर सुरक्षित होते की नाही, हा वाद कायद्याइतकाच जुना आहे.

या विषयातले बहुतेक शब्द बाहेरून आलेले. ‘परवाना’ फार्सी, ‘काडतूस’ पोर्तुगीज. ‘बंदूक’ अरबी ‘बुंदुक’वरून आला, इथपर्यंत एकमत आहे, पुढे मते फुटतात. व्हेनिसचे अरबी नाव ‘अल्-बुंदुकिय्या’, म्हणून त्या शहरातून येणारे शस्त्र ते बंदूक, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार ‘बुंदुक’ हे एका कठीण कवचाच्या फळाचे नाव. त्याच्या आकारावरून मातीची वा शिशाची गोळी, मग ती फेकणारे धनुष्य आणि शेवटी नळीचे हत्यार, असा अर्थ सरकत गेला. गोळीचा अर्थ अग्निशस्त्रांच्या आधीपासून रूढ असल्याने हे दुसरे मत अधिक पटते. मुंबईच्या टोळ्यांच्या बोलीतला ‘घोडा’ (म्हणजे पिस्तूल) बंदुकीच्या ठोक्याच्या मराठी नावावरून आला असावा. पोलिसांच्या पंचनाम्यात मात्र ‘गावठी कट्टा व जिवंत काडतुसे’ हाच ठरलेला शब्दप्रयोग दिसतो.

परवान्याची सक्ती देशभर लागू करणारा कायदा १८७८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत झाला. त्याचे मूळ कशात, याविषयी एकवाक्यता नाही. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाशी त्याची सांगड घालण्याचा मोह महाराष्ट्रात होतो. पण ते बंड फेब्रुवारी १८७९ चे, म्हणजे कायद्यानंतरचे. १८५७ नंतरचे निःशस्त्रीकरण व त्यासाठीचा १८६० चा कायदा यांचाच हा विस्तार होय, असे मानणे अधिक सयुक्तिक. देशी वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदाही १८७८ चाच, ही जोडी लक्षात घेण्यासारखी आहे. बोचरी बाब अशी की, वंशभेद कायद्याच्या कलमांत स्पष्ट लिहिलेला नव्हता. कलमाने फक्त सूट देण्याचा अधिकार सरकारला दिला, आणि युरोपियन, अँग्लो-इंडियन इत्यादींना परवान्यातून वगळले ते नियमांनी. हा भेद १९२० च्या सुमारास नियम बदलून काढण्यात आला. दरम्यान, १९०९ साली लंडनहून वि. दा. सावरकरांनी पाठविलेली २० ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरतळात दडवून मुंबई बंदरात उतरली. नाशिकला जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर झाडलेले पिस्तूल त्यांपैकीच एक. त्या वेळीही परवान्याच्या कचाट्यात सापडला तो अर्ज करणारा. पेटी सुखरूप उतरली.

काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांना अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली : परकीय सत्तेने देश निःशस्त्र केला तेव्हा ही मागणी रास्त होती, स्वतंत्र राज्यात प्रत्येकाला असा मोकळा हक्क देणे हिताचे नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय. दुरुस्ती फेटाळली गेली. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये आज आहे तो ‘शांततेने व विनाशस्त्र’ एकत्र जमण्याचा हक्क. तरीही परवाना हा हक्क की सवलत, हा प्रश्न अलाहाबाद उच्च न्यायालयात अनेकदा उपस्थित झाला व सवलत हीच बाजू टिकली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांच्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेताना शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या अमेरिकी घटनेशी असलेला हा फरक नोंदविला.

आजचा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आहे. नियम २०१६ चे आहेत. अर्जदाराचे वय किमान २१ हवे, कारण सबळ हवे आणि नियमानुसार शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण झालेले हवे. नकार द्यायचा तर कारण लेखी नोंदवावे लागते. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारू नये, असेही कायदा सांगतो. बांधकाम व्यावसायिक, सराफ आणि चित्रपटसृष्टीतली मंडळी यांच्या अर्जांची चर्चा वाचणाऱ्या मुंबईकराला हे कलम वाचून नवल वाटेल. निषिद्ध बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) शस्त्राची परवानगी केंद्रीय गृहमंत्रालय देते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणारी अग्निशस्त्रे तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली आणि लग्न-मिरवणुकीतला आनंदाचा गोळीबार हा गुन्हा ठरविला.

शहरातील वादात दोन टोके आहेत. खंडणीच्या धमक्या येणाऱ्यांना स्वसंरक्षणाचे साधन द्यावे, ही एक बाजू. १९९७ साली कामगारनेते दत्ता सामंत (जानेवारी) आणि गुलशन कुमार (ऑगस्ट) यांचे दिवसाढवळ्या खून झाले, त्यानंतर तिला जोर आला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जण मारले गेले. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ समोर पोलिसांच्या हाती लाठ्या व जुन्या .३०३ रायफली होत्या. हा दाखलाही पुष्कळदा दिला जातो. पण त्यातून सिद्ध होते ती पोलिसांच्या शस्त्रसज्जतेची गरज, नागरिकांच्या परवान्याची नव्हे. फोर्स वन हे महाराष्ट्र पोलिसांचे दहशतवादविरोधी पथक उभारले गेले तेही याच दिशेने.

दुसरी बाजू परवानाधारकाच्या शस्त्राकडे बोट दाखविते. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला एका माजी नगरसेवकाचा समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपणादरम्यान गोळ्या घालून खून झाला. वृत्तांनुसार ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे होते आणि परवाना उत्तर प्रदेशातला. रोकड नेणाऱ्या गाडीशेजारी दुनळी छातीशी आडवी धरून उभा असलेला रखवालदार मुंबईकरांच्या रोजच्या पाहण्यातला. त्याची बंदूक बहुधा त्याच्या स्वतःच्या नावावर असते व परवाना गावाकडचा. तेव्हा परवाना कुणी द्यावा याइतकाच परप्रांतातल्या परवान्याची पडताळणी इथे कोण करतो, हाही प्रश्न आहे. शस्त्रपरवान्यांच्या राष्ट्रीय नोंदणीतला विशिष्ट ओळख क्रमांक सक्तीचा झाला तो यासाठी.

विनापरवाना शस्त्रे हा वेगळाच व्यवहार. गावठी कट्टे मुंगेरहून (बिहार) तसेच जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्याला लागून असलेल्या उमर्टी (मध्य प्रदेश) भागातून येतात. मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांसाठीची सामग्री रायगडच्या दिघी व शेखाडी किनाऱ्यांवर उतरली होती. त्या खटल्याने कायद्याला एक संज्ञाही पक्की करून दिली : अभिनेता संजय दत्त यांच्या प्रकरणात १९९४ साली घटनापीठाने ‘ताबा’ म्हणजे जाणीवपूर्वक ताबा असे स्पष्ट केले. विनापरवाना रायफल व पिस्तूल बाळगल्याबद्दलची त्यांची दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कायम केली, शिक्षा मात्र सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली.

अग्निशस्त्रांखेरीज ९ इंचांहून लांब वा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारेही नियमांच्या अनुसूचीत येतात. घरगुती व शेतीची अवजारे वगळली आहेत, म्हणून कोयत्याचा वाद न्यायालयात वारंवार होतो.

निवडणूक जाहीर झाली की शस्त्रे जमा करण्याच्या नोटिसा निघतात. परवानाधारक पिस्तूल रिकामे करून ठाण्यात नेतो, अंमलदार त्यावरचा क्रमांक परवान्याच्या पुस्तिकेशी ताडून पावती देतो. अशी सरसकट जमा-सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने योग्य मानलेली नाही. प्रत्येक प्रकरण छाननी समितीने तपासावे, असे ठरले आहे. जमा केलेले शस्त्र निकालानंतर साधारण आठवड्याने पावती दाखवून परत मिळते.