समुद्रातल्या पवनचक्क्या आणि साक्रीच्या पठारावरचा जुना वाद

खान्देशाला समुद्र नाही. तरी गुजरातच्या किनाऱ्यावर पवनचक्क्यांमुळे मच्छीमारांसमोर जो पेच येऊ घातलाय, तसाच एक आपल्याकडे डोंगरावर होऊन गेला आहे: वहिवाट आहे, पण कागद नाही.

२००० नंतर साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरातल्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. काही वनजमिनीवर आल्या. कागदोपत्री ती जमीन वनखात्याची. प्रत्यक्षात आदिवासी कुटुंबं ती कसत होती, नावावर सातबारा मात्र नव्हता. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. चक्क्या आधी आल्या, हक्काचे दावे मागाहून. मग मोर्चे निघाले, ते निघणारच होते.

समुद्रात पहिला पवनप्रकल्प १९९१ साली डेन्मार्कमध्ये विंडेबीजवळ झाला. ११ चक्क्या, मिळून ५ मेगावॅटही नाहीत. पुढे बेल्जियमने अशा क्षेत्रात मासेमारी बंद केली. ब्रिटनने सरसकट बंदी घातली नाही, पण जाळं केबलमध्ये अडकेल या धास्तीने बोटी तिकडे जायला कचरतात.

समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी भारताचं धोरण २०१५ मध्ये आलं. २०१७ मध्ये गुजरातमधल्या पिपावाव बंदरासमोर खंबातच्या आखातात वारा मोजणारं यंत्र बसलं. जून २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली: गुजरात आणि तमिळनाडूसमोर प्रत्येकी ५०० मेगावॅट.

पिपावावच्या शेजारी जाफराबाद आहे, बोंबलाचं बंदर. (आपल्या आठवडे बाजारातले सुके बोंबील बहुतेक डोल जाळ्यातलेच.) डोल म्हणजे समुद्रात एका जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं, भरती-ओहोटीचा ओढा मासळी आत लोटतो. ओढा आणि खोली जुळेल तिथेच ते लागतं, त्यामुळे ‘थोडं पलीकडे लावा’ हा सल्ला फुकट आहे. अशा जागांची वहिवाट मच्छीमार आपसात मानतात, पण तिचा उतारा कुठल्याही कचेरीत मिळत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यानुसार समुद्रातल्या बांधकामाभोवती ५०० मीटरपर्यंत सुरक्षाक्षेत्र ठेवता येतं. डोलीची जागा त्यात आली, तर भरपाई कोणत्या कागदावर मागणार?

वाऱ्याची मोजणी निविदेआधी होते, मग वहिवाटीचीही तेव्हाच व्हायला हवी. वनहक्काच्या दाव्यांत कसणुकीचे पुरावे जमवताना लोकांची किती दमछाक होते, हे साक्री-नवापूरच्या कुठल्याही पाड्यावर विचारावं.