सहा रोपं, दोन कायदे

ऑगस्ट २००२. कॅलिफोर्नियात एका आजारी बाईंच्या घरी दोन खात्यांची माणसं एकदमच येऊन थडकली. काउंटीच्या पोलिसांनी पाहणी करून सांगून टाकलं, की बाईंचा गांजा राज्याच्या कायद्यात पूर्णपणे बसतो. केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्याचे लोक मात्र हटेनात. तीन तास ताणाताणी चालली आणि शेवटी त्यांनी सहाही रोपं नष्ट केली.

चूक कोणाचीच नव्हती. १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजाला हेरॉइनच्या पंगतीला, पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक बंदीच्या अनुसूचीत बसवलं होतं. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन २१५' मंजूर करून औषधी वापराला मुभा दिली होती.

यातून उभा राहिलेला खटला, 'गोन्झालेस विरुद्ध रेच', अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याचा निकाल लागला चक्क गव्हाच्या एका जुन्या खटल्याच्या जोरावर. ओहायोतले शेतकरी रॉस्को फिल्बर्न यांनी केंद्राने ठरवून दिलेल्या ११.१ एकरांऐवजी २३ एकरांत गहू पेरला होता. घरच्या जनावरांपुरता, असं त्यांचं म्हणणं. १९४२ मध्ये न्यायालय म्हणालं, घरी पिकवलेला गहू म्हणजे बाजारातून न घेतलेला गहू. सगळ्यांनीच असं केलं तर राज्याराज्यांतल्या व्यापारावर परिणाम होणारच, आणि तो व्यापार केंद्राच्या अखत्यारीत, म्हणजे केंद्राचा हात कुंपणाच्या आत पोचतो. २००५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी हाच तर्क गांजाला लागू झाला. गंमत म्हणजे निकाल लिहिला उदारमतवादी स्टीव्हन्स यांनी आणि विरोधात गेले कट्टर परंपरावादी क्लॅरेन्स थॉमस.

राज्यं तरीही थांबली नाहीत, कारण राज्याच्या पोलिसांना केंद्राचा कायदा राबवायला जुंपता येत नाही. २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टनने तर हौसेच्या वापरालाही परवानगी दिली. ओबामा प्रशासनाने २०१३ मध्ये काही अटींवर कानाडोळा करण्याचं लेखी धोरण काढलं, ते २०१८ मध्ये ट्रम्प प्रशासनातले न्याय खात्याचे प्रमुख जेफ सेशन्स यांनी मागे घेतलं. औषधी गांजाला २०१४ पासून खरं संरक्षण आहे ते अर्थसंकल्पातल्या एका अटीचं: राज्यांच्या अशा योजनांच्या आड येण्यासाठी न्याय खात्याने पैसा वापरायचा नाही. ती अट मुदतीची, वेळोवेळी नव्याने घालावी लागते.

परदेशी नागरिकांना यातलं काहीच पुरत नाही. ग्रीनकार्डवरचा मराठी तरुण कोलोरॅडोतल्या डेन्व्हरच्या परवानाधारक गांजाच्या दुकानात नोकरीला लागला, तर राज्याच्या लेखी तो साधा नोकरदार. नागरिकत्वाचा अर्ज मात्र केंद्राकडे जातो, आणि २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 'चांगल्या चारित्र्या'च्या अटीत हीच नोकरी आडवी येऊ शकते.