मुलांच्या शाळांचा विस्तार व शिक्षकांची टंचाई (ठाणे जिल्हा)

जुन्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघरसह, इंग्रजी अमलात मुलांच्या सरकारी मराठी शाळा वाढत गेल्या, पण त्या मानाने शिकवून तयार केलेले मास्तर मिळाले नाहीत. तयार मास्तर बहुधा गावचा नसे. गावचा असे तो तयार नसे.

शाळा त्याआधीही होत्या. पंतोजी ओसरीवर किंवा देवळात मुले जमवी. धूळपाटीवर अक्षरे, मग मोडी, मग पावकी-निमकी-दिडकी. उजळणीला एक मुलगा पुढे सांगे, बाकीचे मागून ओरडत. छापील पुस्तक नसे आणि मोबदला बराचसा धान्यात मिळे.

मुंबईत 1822 मध्ये देशी शाळा व शाळेची पुस्तके यांसाठी हैंदशाळा पुस्तक मंडळी ही संस्था निघाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस व बापू छत्रे तिचे चिटणीस. मंडळीने तयार केलेले पहिले 24 शिक्षक 1826 मध्ये बाहेरगावी गेले. त्यांतले 14 मराठी, 10 गुजराती. सबंध मुंबई इलाख्याला एवढेच! पुढे शिक्षकांच्या वर्गाचे काम बाळशास्त्री जांभेकरांकडे 1845 मध्ये आले, पण 1846 मध्ये ते वारले.

1855 मध्ये शिक्षणखाते झाले आणि 1863 पासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड, म्हणजे स्थानिक कामांसाठीचा जादा कर, बसू लागला. त्याचा तिसरा हिस्सा शाळांना. साऱ्याबरोबर पैसा भरणारे गाव शाळा मागणारच. शाळा एका हुकमाने मंजूर होई, मास्तर मात्र ट्रेनिंग कॉलेजात जाऊन घडायला वर्षे लागत. मग मराठी शाळेची शेवटची परीक्षा, म्हणजे फायनल, पास झालेला पोरसवदा उमेदवारच चार इयत्ता एका खोलीत सांभाळी आणि डिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, यायचे म्हटले की त्याचीच पहिली धांदल उडे.

नेमके दुखणे जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे मांडले. शिक्षक प्रशिक्षित हवेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातले हवेत. वेळ पडली तर नांगराचे रुमणे किंवा सुताराची तासणी धरायला लाजणार नाहीत असे, असा त्यांचा आग्रह होता. अलिप्त राहणारा ब्राह्मण शिक्षक कुणब्याच्या मुलांत मिसळत नाही, हा त्यामागचा अनुभव.

ठाण्यात हे विशेष लागू पडे. खाडीकाठी आगरी-कोळी, डोंगरात वारली, ठाकूर, कातकरी. आगरी मुलगा ‘डोळा’ला ‘डोला’ आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणे; परगावच्या मास्तराला ते अशुद्ध वाटे, गावच्या मास्तराला ते घरचेच. भाताच्या आवणीला (लावणीला) पोरे शेतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे कोळशाच्या भट्ट्यांवर जात, त्यांच्याबरोबर मुलेही. हजेरीपट कोरा राहिला की ठपका मास्तरावर.

स्वातंत्र्योत्तर काळात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड भागात याच्या उलट वाट धरली: गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची. ही कुरणशाळा. सरकारी पातळीवर मात्र जुनीच तडजोड परतली. 2000 च्या सुमारास पाड्यांवर वस्तीशाळा, म्हणजे वस्तीतल्याच छोट्या शाळा, निघाल्या आणि तिथलेच शिकलेले तरुण तुटपुंज्या मानधनावर निमशिक्षक झाले. मास्तर अखेर गावचा होता. प्रशिक्षण त्याने शिकवता शिकवता, पत्रद्वारा डी.एड. करून मिळवले.